चढावरचे देव

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात केळझरकडच्या डोंगरातल्या गावांमध्ये आमचा कीर्तनाचा दौरा सायकलींवर निघाला. पुढं कीर्तनकार रूपरावबुवा, मागं पेटी बांधून मी, आणि तबला-डग्गा घेऊन पासष्टीचे बापूराव. "चढावर दम लागून उतरावं लागलं, त हा माहा शेवटचा दौरा," असं बापूराव निघतानाच बोलले होते. त्यांच्यासारखा ठेका मात्र आमच्याकडं दुसऱ्या कुणाचा नव्हता.

सागाच्या जंगलात चढ सुरू झाला. बापूरावांचा श्वास मला ऐकू येऊ लागला. तेवढ्यात बुवा एका शेंदूर लावलेल्या दगडापाशी उतरले, चपला काढून त्यांनी हात जोडले. देवापुढं सायकलवर कोण बसून राहील? आम्हीही उतरलो. थोडं चढलो की बुवांना पुन्हा देव दिसे. पाचव्या दगडाला तर शेंदूरही नव्हता. बुवांनी तिथंच सगळ्यांत लांब नमस्कार केला.

बापूराव घाम पुसत म्हणाले, "बुवा, तुमचे देव चढावरच लय आहेत. उतारावर काऊन नाई?"

"उतारावर सायकल जोरात पयते, म्हणून दिसत नाई."

बापूराव हसले. त्या कोऱ्या दगडावर त्यांनी डोकं टेकवलं आणि म्हणाले, "पुढच्या साली याच रस्त्यानं नेजा मले."