सातवं पाकीट

“बाई, एवढं एक आजच्या टपालात जायला हवं हं,” साखरसर म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवून गोड हसले. “तुमच्या लेकीचं आहे. म्हणजे आमचीच की ती!”

ऑफिसमधल्या बाईंनी मान डोलावली. सरांचं हे सातवं पत्र. आधीची सहा त्यांनी सकाळीच चिकटवून ठेवली होती, हात जराही न थांबता.

शाळेची पद्धत ठरलेली होती. कॉलेजच्या अर्जासोबत एका शिक्षकाचं शिफारसपत्र लागे. शिक्षक कोण, ते मुलं निवडत. पत्र उघडंच बाईंकडे येई. बाईंनी सही तपासायची, पाकिटात घालायचं, चिकटवायचं, जोडावर शाळेचा शिक्का मारायचा. वाचायचं नाही. पण सही असते तळाला आणि डोळे येतात वरून. बावीस वर्षांत न वाचता बाईंना सगळं पाठ झालं होतं.

भाषा शिकवणाऱ्या बाईंना मुलं करवत म्हणत. वर्गात त्या पोरांना सोलून काढत, आणि पत्र मात्र पोटच्या पोरासाठी लिहावं तसं दोन-दोन पानं लिहीत. साखरसर कुणालाच नाही म्हणत नसत. तोंडावर नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे, म्हणून ते पेनाने म्हणत. चार ओळींत केसाने गळा कापत. पुढच्या वर्षी तीच मुलं दाखल्याची प्रत मागायला खिडकीशी यायची. “कुठेच नाही लागला हो नंबर,” म्हणायची. “नशीब, बाळा,” असं म्हणून बाई मूग गिळून बसायच्या. बोललं तर वाचल्याचं कबूल करावं लागलं असतं, आणि नोकरी गेली असती. शिवाय, खरं सांगायचं तर, ती दुसऱ्यांची पोरं होती.

महिन्यापूर्वी लेकीने जेवता जेवता सांगितलं, “आई, मी साखरसरांचं नाव टाकलं.”

बाईंचा घास हातातच राहिला. “करवतबाईंना विचारायचंस की गं.”

“त्यांना? सालटी काढतील माझी! का पण? तुला काही माहितीये का सरांचं?”

“छे गं. आपलं सहज म्हटलं.”

अर्जात एकदा टाकलेलं नाव बदलता येत नव्हतं. आपली लेक म्हणून तरी सर बरं लिहितील, एवढ्या आशेवर बाईंनी महिना काढला.

सर गेल्यावर त्यांनी कागद पुढे ओढला. ‘विद्यार्थिनी आज्ञाधारक आहे. सांगितलेले करते. स्वतंत्र विचाराची अपेक्षा मी तिच्याकडून ठेवलेली नाही. निर्णय आपण घ्यालच.’ स्वयंपाकघराच्या खिडकीत जुन्या डब्यांपासून बनवलेलं पाणी गाळायचं यंत्र सात वेळा मोडून आठव्यांदा उभं करणारी ही पोर!

“आई, माझं आलं ना?” लेक खिडकीशी न थांबता थेट आत आली. चेहरा नुसता फुललेला. “किती टेन्शन होतं माहितीये सगळ्यांना? पण मीच सांगितलं त्या सहा जणांना, खुशाल साखरसरांचं नाव टाका. माझी आई इतकी वर्षं त्यांची पत्रं पाठवते. आणि मी तिला विचारलंसुद्धा. काही वाईट असतं तर ती बोलली नसती का?”

बाईंनी कागदाची घडी घातली. घडी नीट बसेना, पुन्हा घातली.

टपाल न्यायला आलेला माणूस दारातून म्हणाला, “बाई, आवरा. आज शेवटची तारीख आहे ना?”

“हो, हो. झालंच.”

“शिक्का मी मारू?” लेकीने विचारलं. “लहानपणी मारू द्यायचीस ना, तसा.”

बाईंनी पाकीट चिकटवून टेबलावर सरळ ठेवलं. लेकीने शिक्का स्टॅम्पपॅडवर दोनदा दाबला आणि जीभ दातांत धरून नेम धरला. पाकीट हलू नये म्हणून बाईंनी ते दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.