मेष्ट्रन्न केळी

आमच्या ह्यांना वाटतं, विमानाचं इंजिन समजलं म्हणजे माणसंही समजतात. डोंबल!

अठ्ठावन्न साली ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो आणि नयनाला हायस्कुलात आठवीला घातलं. पहिल्या चाचणीत कानडीत बाईसाहेबांना शंभरात चार. हेडमास्तरांनी ह्यांना बोलावून इंग्रजीत बजावलं, सहामाहीत कानडी सुटलं नाही तर पोरगी परत सातवीत. नयना दोन दिवस धड जेवली नाही.

आता त्या भेटीत इंग्रजी चाललं होतं ना नीट? पण ह्यांना आपलं आठ शब्दांचं कानडी पाजळायची हौस! "एनु माडबेकु?" म्हणजे काय करायला हवं, असं विचारलं. हेडमास्तर खूश झाले आणि त्यांनीही कानडीतच सांगितलं, "दिना मेष्ट्रन्न केळी."

"कळलं का?" घरी येऊन हे म्हणाले. "दिना म्हणजे रोज. मेष्ट्र म्हणजे मास्तर. केळी म्हणजे केळी."

"अहो, केळी देऊन कानडी कसं येईल?"

"इथली रीत असेल. तुला काय कळतंय त्यातलं?"

झालं! नयनाच्या दप्तरात रोज अर्धा डझन केळी. कानडीच्या मास्तरांना वाटलं, पोरीचा काही नवस असेल. ते एक खायचे आणि उरलेली तिलाच वर्गात वाटायला लावायचे. बाकीच्या आईबापांनी पाहिलं, ही चार मार्कांची पोरगी केळी नेते आणि अजून आठवीत आहे. मग काय, गणितात कच्ची पोरं गणिताच्या मास्तरांना केळी नेऊ लागली, भूगोलातली भूगोलाच्या. पंधरवड्यात घडच्या घड यायला लागले. प्रयोगशाळेतसुद्धा ठेवायला जागा उरली नाही. एक गाय रोज हजेरीच्या वेळी आठवीच्या दाराशी येऊन उभी राहायची, आणि ड्रिलचे मास्तर तिलाही रांगेत घ्यायचे.

शेवटी आम्हा दोघांना बोलावणं आलं. हेडमास्तर लालबुंद. रागात ह्यांचं आणि त्यांचं, दोघांचंही इंग्रजी पळालं.

"तुम्हीच सांगितलंत, केळी!" हे ओरडले.

"हेळी!" हेडमास्तर म्हणाले.

"हेळी नव्हे हो, केळी!"

"हेळी, हेळी!"

"केळी, केळी!"

शिपाई घाबरून पाणी घेऊन आला. तेवढ्यात दारातून नयना आत शिरली आणि कानडीत जी सुटली, अगं बाई! हेडमास्तर आधी आ वासून बघत राहिले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"बाबा, कानडीत केळी म्हणजे विचारा," नयना म्हणाली. "मास्तरांना रोज विचारत जा, म्हणाले होते ते. केळी म्हणजे ऐका, असंही होतं. आणि हेळी म्हणजे सांगा. तुम्ही मघापासून ऐका म्हणताय, आणि ते सांगा म्हणतायत."

हेडमास्तरांनी इंग्रजीत निकाल दिला. ही आठवीतच राहील, वडिलांचं मात्र कठीण आहे.

घरी आल्यावर मी तिला पकडलं. "तुला कधी कळलं हे?"

"पहिल्याच आठवड्यात."

"आणि गप्प बसलीस? देऊ का एक ठेवून?"

ती खाली बघत म्हणाली, "आधी वर्गात माझ्याशी कुणीच बोलायचं नाही गं. केळी वाटायला लागले तशा सगळ्या विचारायला लागल्या, का आणलीस, कुठून आणलीस. मग त्यांना सांगता सांगता येत गेलं."

महिनाभर पोरगी वर्गात एकटी बसत होती, आणि मी मेली रोज दारातच विचारत होते, मार्क किती पडले. मला फार लाज वाटली. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "बस इथं. आज शाळेत काय काय झालं ते सगळं सांग."