विमान टेकेपर्यंत

शरदचंद्रचं विमान सकाळी सातला सांताक्रूझहून सुटायचं होतं. सात वाजले आणि माझी थोरली बहीण मीराबाई ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत देवापुढे उभी राहिली. पोराचे पाय जमिनीला लागेपर्यंत आपण बसायचं नाही, असं तिनं रामाला सांगितलं होतं. एकुलता एक मुलगा, एडनच्या बंदरात नोकरी. बोटीनं फार दिवस जातील म्हणून कंपनीनं विमानानं बोलावलेला. ताईला अठ्ठावन्नावं, गुडघे आधीच सुजलेले.

"किती वेळ लागेल रे अप्पा?"

मी कंपनीनं पाठवलेला वेळांचा कागद वाचला. सुटणार सातला, पोचणार अकराला. "चार तास."

मारुतीचं समुद्रावरचं उड्डाण मी कीर्तनात पन्नासदा तरी ऐकलंय, डोळे पुसत ऐकलंय. त्यामुळे चार तासांत एडन हे मला मुळीच अवघड वाटलं नाही.

दहानंतर ताईनं भिंतीला हात टेकला. ओठ रामनामानं हलत होते. हरताळाचा दिवस; खालून घोषणा येत होत्या, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" अकराचे ठोके पडले तसं मी म्हटलं, "ताई, टेकलं विमान. बस आता."

ती बसली कसली, कोसळलीच. तिला पेज दिली आणि मी गॅलरीत स्टुलावर बसून भिंतीला पाठ टेकली. आदल्या रात्री सामान बांधण्यात झोप झाली नव्हती.

साडेअकराला वरच्या मजल्यावरचा जगदीश डोकावला. तो विमानाच्या ऑफिसात तिकिटं देतो. आज हरताळामुळे घरीच.

"मावशी, आता अर्धा समुद्र तरी मागे पडला असेल हं."

"अर्धा?" ताई म्हणाली. "अरे, अकराला पोचला की तो!"

"ते अकरा एडनचे. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. आपले दीड वाजतील. आणि अप्पा, एकोणीसशे मैल चार तासांत? एवढं वेगवान विमान असतं तर मीच बसून गेलो नसतो?"

ताईचा चेहरा पांढरा पडला.

"म्हणजे तो वर आणि मी खाली बसून पेज पितेय." दोन्ही हात जमिनीला रेटून ती उठली. जगदीश धरायला गेला, तर त्याला झिडकारलं. "मधला अर्धा तास गेला रे रामा. अप्पा, तू तेव्हा कुठे होतास?"

"गॅलरीत."

"उभा होतास?"

समोर राम होता. मी म्हटलं, "उभाच होतो. मोर्चा बघत होतो."

"मग चालेल," तिनं मोठा श्वास सोडला. "तू त्याचा मामाच. मामा उभा होता म्हणजे खाडा नाही पडला."

मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. दोन तास. तिचा भार हळूहळू माझ्या खांद्यावर आला. टाळ वाजायला लागले की रात्र रात्र उभे राहणारे माझे पाय त्या दोन तासांत दगडाचे झाले.

दीड वाजला. जगदीश खाली वाण्याचं मागचं दार ठोठावून विमानतळावर फोन करून आला. विमान वेळेवर उतरलं होतं. मी ताईला धरून चटईवर टेकवलं. तिनं पाय लांब केले, डोळे मिटले.

"तूही बस रे आता. दमलास."

"बसतो," मी म्हटलं. "अर्ध्या तासानं बसतो."