राजीखुशीने

कोर्टातला हा बेलिफ पूर्वी पिस्तूल बाळगायचा, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. आता त्याच्या काखेत कायम एक फुगलेली फाइल असे आणि खिशात दोन पेनं. कोर्टाचा हुकूम झाला की घर, दुकान, गोदाम, जे असेल ते रिकामं करून घ्यायचं, कुलूप ठोकायचं, लाख लावायची आणि पंचनामा लिहायचा, हे त्याचं काम. त्याआधी तो एका बिल्डर शेठसाठी घरं रिकामी करायचा. तेव्हा त्याला डावऱ्या म्हणत, कारण तो डाव्या हाताने गोळी झाडायचा आणि त्याचा नेम सहसा चुकत नसे.

बावीस वर्षांपूर्वी शेठला एक जुनी इमारत पाडायची होती. सगळे भाडेकरू एका वायरमनच्या शब्दावर अडून बसले होते. तिशीतला काटकुळा माणूस, पण हटेना. डावऱ्याने त्याला जिन्यात गाठलं आणि गुडघ्यात गोळी घातली. आठवड्याभरात इमारत रिकामी झाली. महिन्याभरात डावऱ्याला अटक झाली आणि ओळख परेडीला आठ जणांच्या रांगेत उभं केलं. वायरमन कुबड्यांवर आला. एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे सरकत गेला. डावऱ्यासमोर थांबला. इतका वेळ थांबला, की डावऱ्याला त्याचा श्वास ऐकू आला. मग तो म्हणाला, "यांच्यात नाही तो."

खटला तिथेच बारगळला. त्याच संध्याकाळी डावऱ्याने पिस्तूल शेठच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "उद्यापासून मी नाही." शेठ हसला. पण डावऱ्या खरंच परत गेला नाही. सासरे कोर्टात कारकून होते. त्यांनी चार लोकांचे उंबरे झिजवून जावयाला शिपाई म्हणून चिकटवलं. पुढे परीक्षा देऊन तो बेलिफ झाला. बायकोला त्याने एकदाच सांगितलं, "त्याने मला ओळखलं होतं गं. ओळखून सोडलं. माफ केलं त्याने." बायकोने ते मनात धरलं, आणि लेक मोठी झाल्यावर तिलाही सांगितलं. घरात ती गोष्ट जपून ठेवल्यासारखी होती.

त्या माफीला जागायचं म्हणून तो सुरुवातीला फार जपून वागला. रिकाम्या करायच्या घरात मूल जेवत असेल तर बाहेर ताटकळत उभा राहायचा. म्हाताऱ्यांचे आरसे, देवांचे फोटो स्वतः उचलून खाली नेऊन द्यायचा. कुणी शिव्या घातल्या तर मान खाली घालायचा. पण गेल्या काही वर्षांत त्याचं काहीतरी बिनसलं होतं. अलीकडेच एक बाई त्याच्या पायाशी चक्कर येऊन पडली होती, आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच, की दाराची कडी वाकडी आहे, कुलूप नीट बसणार नाही. घरी आल्यावर त्याने हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "दमलायत तुम्ही." तो दमला नव्हता. त्याला काही वाटेनासं झालं होतं, एवढंच. जेवण गिळायचा, झोपायचा, उठायचा.

अशातच सिनेमा थेटरचं वॉरंट त्याच्याकडे आलं. दोन सख्ख्या भावांचा मालकीचा दावा होता. धाकटा जिंकला होता आणि थोरल्याकडून ताबा घ्यायचा होता. एका मंगळवारी साडेअकराला बेलिफ हवालदाराला, कुलूपवाल्याला आणि दोन पंचांना घेऊन थेटरवर पोचला. पंचांपैकी एक समोरचा स्टेशनरीवाला होता. त्याने दारातच विचारलं, "तिकीट काढावं लागेल का हो?" दुसरा पंच सायकलवाला. तो म्हणाला, "तुला अर्धं लागेल." हवालदार हसला. बेलिफनेही ओठ हलवले.

थोरला भाऊ सकाळीच पसार झाला होता. तिकीटखिडकी बंद होती, पण आत पिक्चर चालू होता. अंधारात नऊ माणसं लांब लांब बसली होती. पडद्यावर धूळ, घोडे आणि रुंद टोप्या.

"बंद करायला सांगतो," बेलिफ म्हणाला आणि लोखंडी जिन्याने वर गेला.

प्रोजेक्टरची खोली अरुंद आणि तापलेली होती. दोन यंत्रांपैकी एक गेलेलं, त्याच्यावर टॉवेल वाळत घातलेला. भिंतीशी रिळांचे पत्र्याचे डबे, कोपऱ्यात खाट, खाटेखाली स्टोव्ह. ऑपरेटर पाठमोरा उभा होता. तो वळला तेव्हा उजवा पाय काठीसारखा ताठ धरून वळला. केस पांढरे झाले होते, पण मान तीच, डोळे तेच.

बेलिफच्या हातातली फाइल हलली नाही. त्याने हुकूम वाचायला घेतला. नेहमीचा कागद नेहमीच्या आवाजात वाचून संपवला. वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपली छाती धडधडायला हवी होती.

"कळलं," ऑपरेटर म्हणाला. "पण पिक्चर संपू दे साहेब. एक तास राहिलाय. खाली नऊ जणांनी तिकिटं काढलीत."

"संपू दे."

"मग बसा. उभं राहिलात की उजेड अडतो."

तो खाटेवर बसला. ऑपरेटरने भिंतीतल्या भोकातून पडद्याकडे बघितलं आणि, बहुधा सवयीने, सांगू लागला. भाषा परकी होती, म्हणून तो येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्ट समजावत असावा.

"तो उंच आहे ना, छातीवर बिल्ला लावलेला, तो आधी भाड्याने माणसं मारायचा. आता सगळं सोडून या गावचा फौजदार झालाय. गाववाल्यांनीच नेमलंय. तो बदलला की नाही याच्याशी त्यांना घेणंदेणं नाही, त्यांना नेमबाज हवाय. आता बघा, दाढी करायला आलाय. या न्हाव्याचा भाऊ त्यानेच मारला होता."

बेलिफ उठून दुसऱ्या भोकाशी गेला. पडद्यावर वस्तरा त्या माणसाच्या गळ्यावरून सावकाश फिरत होता. दुकानाच्या दारात चार माणसं श्वास रोखून उभी होती. न्हाव्याचा हात जराही कापला नाही. दाढी झाली, त्याने टॉवेल झटकला, आणि दारातली माणसं टोप्या काढून न्हाव्याकडे आदराने बघू लागली.

"माफ केलं त्याने," बेलिफ म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात," ऑपरेटर म्हणाला. "मी हा पिक्चर दीडदोनशे वेळा दाखवलाय. माफबिफ काही नाही. त्याला बायकापोरं आहेत, दुकान चालवायचंय. समोरच्याच्या कमरेला दोन बंदुका आहेत. तो दुसरं काय करणार?"

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला, खालचे दिवे लागले. खाली कुणी कुरकुरलं नाही. एकच यंत्र चालू असल्यामुळे दर रिळाला थांबायची त्यांना सवय होती. ऑपरेटरने संपलेलं रीळ उतरवलं, नवं चढवलं, फिल्मचं टोक दातेरी चाकांमधून सराईतपणे ओवलं. यंत्र सुरू व्हायच्या आधी तो न वळता म्हणाला, "जिन्यातच ओळखलं मी तुला. वर येतानाच्या पावलांवरून."

बेलिफ भोकापासून मागे सरला. मग म्हणाला, "परेडीलाही ओळखलं होतंत."

"ओळखलं होतं की."

"मग का सोडलंत?"

ऑपरेटरने यंत्र सुरू केलं. पडद्यावर पुन्हा घोडे धावू लागले. त्या खडखडाटात त्याला जरा मोठ्याने बोलावं लागलं.

"आदल्या दिवशी शेठची दोन माणसं दवाखान्यात आली होती. बायकोला सातवा महिना होता. तिच्या शेजारी बसून सफरचंद कापून खाल्लं त्यांनी. एक शब्द बोलले नाहीत. मी घाबरलो. बस. एवढंच झालं."

"मला वाटलं होतं..."

"काय वाटलं होतं?"

"की तुम्ही मला माफ केलंत."

ऑपरेटर पहिल्यांदा नीट वळून त्याच्याकडे बघू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना, असं बघत असावा.

"मी कशाला माफ करू?" तो म्हणाला. "शिडी चढता येईना म्हणून वायरमनची कामं गेली. मग हे उभ्याने करायचं काम मिळालं. माफ! तुझा विचार करायला मला फुरसत कुठे होती रे?"

बेलिफ पुन्हा खाटेवर जाऊन बसला. बावीस वर्षं तो ज्या माफीला जागत होता, ती कुणी दिलीच नव्हती. हे त्याने मनाशी एकदा म्हणून बघितलं, पुन्हा एकदा म्हणून बघितलं. आता काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. खोली तापलेली होती आणि मानेवरून घाम ओघळत होता. पिक्चर संपला.

नऊ माणसं डोळे चोळत बाहेर पडली. कुलूपवाला दारं मोजायला लागला. मॅनेजरच्या टेबलावर बेलिफने पंचनामा लिहायला घेतला. खुर्च्या अमुक, पंखे तमुक, यंत्रं दोन, पैकी एक नादुरुस्त. शेवटी छापील ओळ होती: 'ताबा राजीखुशीने व कोणत्याही दबावाविना दिला.' खाली ताबा देणाऱ्याची सही. हजर असलेला ऑपरेटरच सही करणार होता. त्याने ती ओळ बोट ठेवून वाचली.

"ही असतेच छापलेली," स्टेशनरीवाला म्हणाला.

"करतो की सही," ऑपरेटर म्हणाला. "त्या वेळीही केलीच होती, 'यात आरोपी नाही' म्हणून." आणि त्याने पेनासाठी हात पुढे केला.

बेलिफने पेन दिलं नाही. त्याने ती ओळ खोडली आणि खाली स्वतः लिहिलं. डाव्या हाताने लिहिलं. कोर्टात तो इतकी वर्षं उजव्याने लिहायचा. 'ताबा देणाऱ्या इसमावर मी पूर्वी गोळी झाडली असून तो त्यामुळे कायमचा अधू झाला आहे. धाक असल्याने त्याने ओळख परेडीत माझी ओळख पटवली नव्हती. तरी या इसमाकडून ताबा घेणे मला योग्य वाटत नाही. ताबा घेतलेला नाही.' तारीख, वेळ, सही.

हवालदाराने वाकून वाचलं. "बेलिफसाहेब, डोकं फिरलं का तुमचं? नोकरी जाईल!"

"जाईल."

दोन्ही पंच एकमेकांकडे बघत राहिले. मघाचे विनोद कुठल्या कुठे गेले होते.

पण ऑपरेटरच संतापला. "हे कशाला लिहिलंस? मी सांगितलं होतं का तुला? आता मला चौकशीला बोलावतील. पुन्हा कुणासमोर उभा राहू? बोलून मन मोकळं झालं तुझं, आणि नाव माझं घातलंस!"

हे बेलिफच्या खरंच लक्षात आलं नव्हतं. तो म्हणाला, "चुकलं." पण कागद फाडला नाही. फाइल काखेत मारून तो निघाला. कुलूपवाला कुलपं घेऊन मागे मागे आला आणि विचारत राहिला, की आता आजची मजुरी कोण देणार.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. "म्हणजे त्याने माफ नव्हतं केलं?"

"नाही."

"आणि मी लेकीला..." तिने चिरलेली भाजी ताटात लोटली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला काय वाटतंय?"

"काही नाही वाटत. वाटायला हवंय का?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली आणि विळी आडवी करून आत निघून गेली. त्या दिवशी दोघं वेगवेगळी जेवली. चार दिवसांनी ती पुन्हा त्याच्या समोर बसून जेवली, पण जुनी गोष्ट तिने परत कधी काढली नाही.

बेलिफला आधी घरी बसवलं गेलं, मग चौकशी होईपर्यंत कोर्टाच्या तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये टाकलं. पाच आठवड्यांनी दुसऱ्या बेलिफने थेटरला कुलूप ठोकलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. ऑपरेटर मोठ्या मुलीकडे राहायला गेला. चौकशीला त्याला बोलावलंच. तो काठी टेकत आला. चौकशीच्या साहेबांनी बेलिफकडे बोट दाखवून विचारलं, "गोळी झाडणारा इसम हाच का?"

ऑपरेटरने पूर्वीसारखंच थांबून बघितलं. बेलिफने मान वर करून त्याला नीट बघू दिलं.

"हो," ऑपरेटर म्हणाला. "हाच."

कारकुनाने ते लिहून घेतलं. जुना खटला पुन्हा उभा राहण्यासारखा नव्हता. शेठ मेलेला, कागद हरवलेले. बेलिफची बढती रोखली गेली आणि त्याला तळघरातच कायम केलं. तिथे खिडकी नव्हती, पण कुणी रडत येत नसे.

चौकशीच्या दिवशी बाहेर पडल्यावर ऑपरेटरला बसथांबा कुठे ते कळेना. बेलिफ म्हणाला, "चला, दाखवतो." दोघं चालू लागले. ऑपरेटरच्या पायामुळे सावकाश चालावं लागत होतं. थांब्यावर बाक होता. ऑपरेटर बसला, बेलिफ उभा राहिला.

"नातू आहे मला," ऑपरेटर म्हणाला. "दिवसभर छळतो."

"किती वर्षांचा?"

"चार."

बस यायला उशीर झाला. आली तेव्हा पायरी उंच होती. बेलिफने हात पुढे केला. ऑपरेटरने तो धरला नाही. दांड्याला लटकून, पाय ओढत, आपला आपण चढला. कंडक्टरने घंटी मारली. बस वळून दिसेनाशी झाली. जेवणाची सुट्टी संपत आली होती, म्हणून बेलिफ परत तळघराकडे निघाला.