शेवटची तपासणी

“काका, आधी हे बघा. तुमचं नाव टाकून राहिलेत हे लोक!”

रागिणी मेश्राम दारातूनच बोलत आत आली आणि तिने मोबाइल बाळकृष्ण पोंक्षे यांच्यासमोर धरला. पडद्यावर चंदीगडबाहेरच्या मुल्लानपूरचा, विजेवरच्या गाड्यांचा चार्जिंग पॉइंट होता. नावापुढे हिरवा ठिपका, म्हणजे चालू. त्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत तपासणाऱ्याचं नाव, बाळकृष्ण पोंक्षे, आणि वेळ, शनिवार संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

पोंक्षे वाचत राहिले. एवढा वेळ लागावा असं त्यात काही नव्हतं.

“अगं, बस तरी,” विमलकाकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “चेहरा कसा झालाय तुझा! स्वानंदीचा पेपर कसा गेला?”

“बसताच नाही आलं तिला पेपरला, काकू.”

काकू हातातला ओला कपडा तसाच धरून उभ्या राहिल्या.

रागिणी मूळची वर्ध्याची. नवरा हवाई दलात, जानेवारीपासून त्याची बदली आसामात. मुलीचं बारावीचं वर्ष म्हणून ती आणि स्वानंदी चंदीगडलाच भाड्याच्या फ्लॅटमध्ये थांबल्या होत्या. स्वानंदीला आर्किटेक्चरला जायचं होतं. तिला हव्या त्या संस्थेची प्रवेशपरीक्षा वर्षातून एकदाच होते, आणि ती आज, रविवारी सकाळी होती. केंद्र आलं होतं मुल्लानपूरच्याही पुढे, कुरालीच्या बाजूच्या एका कॉलेजात.

“फ्लॅटच्या पार्किंगमध्ये सोसायटी पॉइंट लावू देत नाही, तुम्हाला माहीतच आहे,” रागिणी सांगू लागली. “काल आमच्या भागातले दोन्ही चार्जर पाहिले. एक बंद, दुसऱ्यावर ही लाइन. मग ॲपमध्ये मुल्लानपूरचं पाहिलं. हिरवं. खाली तुमचं नाव. मी स्वानंदीला म्हटलं, पोंक्षे काकांनी काल संध्याकाळीच तपासलंय, मग काय काळजी? सकाळी साडेसहाला निघालो. अर्धा तास तिथे चार्ज करायचं आणि पुढे जायचं. मी तर एसीसुद्धा चालू ठेवला, काका.”

पोंक्षे चष्मा काढून पुसू लागले.

“चार्जरच्या वायरची गन गाडीला लावली. दोन मिनिटं चाललं आणि थांबलं. गन काढायला गेले, तर निघेचना! तिथल्या भाजीवाल्याने ओढून पाहिली, दूधवाल्याने पाहिली. गाडी तिथेच खिळून राहिली. हेल्पलाइनला फोन केला, तर तो म्हणतो, मॅडम, हमारे सिस्टम में तो चार्जर ठीक दिखा रहा है. कॅब एक येईल तर शपथ. शेवटी एक ऑटो मिळाली. गेट साडेआठला बंद. आम्ही पोचलो आठ चव्वेचाळीसला.”

तिने डोळे पुसले. मग ती हळू बोलली.

“मी त्या वॉचमनपुढे हात जोडले, काकू. स्वानंदीने माझे हात खाली केले. म्हणाली, मम्मा, चलो.”

“मी सोडणार नाही यांना,” रागिणी पोंक्षे यांच्याकडे वळली. “तक्रार करणार आहे. न जाता तपासलं म्हणून टाकतात, आणि तेही तुमच्यासारख्या माणसाचं नाव घालून! तुम्ही शनिवारी तिकडे गेलाच नसाल ना, काका?”

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. खरं सांगायलाही फार लागले नसते.

“मी... चौकशी करतो,” पोंक्षे म्हणाले.

*

शनिवारी ते तिथे गेले होते.

सेक्टर तीसच्या सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं पोंक्षे यांनी मापनाच्या उपकरणांची तपासणी केली. बाहेरून थर्मामीटर यायचे, दाबमापक यायचे. ते बरोबर दाखवतात की नाही हे पाहायचं आणि प्रमाणपत्रावर सही करायची. एकदा लुधियानाचा एक कारखानदार स्वतः येऊन बसला होता. जेमतेम एका रेघेचा फरक आहे, सही करून टाका, म्हणत होता. पोंक्षे यांनी त्याला चहा पाजला आणि दाबमापक परत दिला. ही गोष्ट त्यांनी महाराष्ट्र मंडळात दोन-तीनदा तरी सांगितली असेल.

निवृत्तीनंतर वर्षभर घरात बसून ते कंटाळले. पेन्शन होती, फ्लॅट स्वतःचा होता, पण सकाळी नऊ वाजता कुठे जायचं हा प्रश्न होता. मग मोहालीतल्या एका चार्जिंग कंपनीत त्यांना देखभालीचं काम मिळालं. एकोणीस पॉइंट त्यांच्याकडे. स्कूटरवरून फिरायचं, बिघाड पाहायचा, दुरुस्त करायचा आणि मोबाइलवर नोंद करायची. मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी या गाड्यांवर छोटंसं व्याख्यानही दिलं होतं. “ॲपमध्ये हिरवं दिसलं की निर्धास्त जा,” असं ते तेव्हा म्हणाले होते. रागिणीने गाडी घेतली ती त्यानंतरच.

मुल्लानपूरची गन खराब झाल्याचं त्यांना तीन आठवड्यांपासून माहीत होतं. तापून तापून तिच्या तोंडाचं प्लॅस्टिक वाकलं होतं. जोर लावला की गाडीत बसायची, पण बसली की निघायची नाही. नवी गन गुडगावहून यायची होती, ती येत नव्हती. पोंक्षे यांनी पॉइंट बंद म्हणून नोंदवून ठेवला होता.

दर महिन्याला ऑफिसात मीटिंग व्हायची. भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्या तंत्रज्ञांची नावं यायची. ज्याचे जास्त पॉइंट चालू, तो वर. मागच्या महिन्यात पोंक्षे यांचं नाव सगळ्यात खाली होतं, लाल रंगात. खोलीत त्रेसष्ट वर्षांचे ते एकटे, बाकीची मुलं पंचविशीची. एकाने त्यांना खुर्ची पुढे करून दिली, “बैठो अंकल जी, थक गए होंगे.” ते शब्द त्यांना महिनाभर टोचत राहिले.

शनिवारी महिन्याचा शेवटचा दिवस होता. ते मुल्लानपूरला उभे असताना साहेबांचा, इंद्रजितचा, फोन आला. इंद्रजित वाईट माणूस नव्हता. पोंक्षे यांना तो नेहमी सर जी म्हणायचा.

“सर जी, मुल्लानपूर वाली कंप्लेंट क्लोज़ कर दो.”

“गन वैसी ही है, इंद्रजित. अटक जाती है.”

“स्क्रीन चालू है ना? लाइट हरी है ना? तो चार्जर चालू है जी. नई गन मंगलवार तक आ जाएगी, पक्का. दो दिन की बात है. इस बार आपका नाम ऊपर देखना है मुझे.”

समोर शेतातून नव्या इमारती उठत होत्या. रस्त्यावर एकही गाडी नव्हती. दोन दिवसांत इथे येतंय कोण, असं पोंक्षे यांच्या मनात आलं. पण इतकंच आलं असतं तर त्यांनी बटण दाबलं नसतं. मीटिंगच्या पडद्यावर सगळ्यात वर आपलं नाव त्यांना दिसलं. त्यांनी गन चार्जरवर नीट टांगली, फोटो काढला, आणि ‘दुरुस्त. तपासले.’ असं लिहिलं. मोबाइलवरचा लाल ठिपका हिरवा झाला. परतताना सेक्टर पंधराच्या बाजारात थांबून ते उसाचा रस प्यायले होते. चांगला लागला होता.

*

रागिणी गेल्यावर तासाभराने मंडळाच्या ग्रुपवर तिचा संदेश आला. झालेलं सगळं तिने लिहिलं होतं आणि शेवटी लिहिलं होतं, ‘पोंक्षे काकांच्या प्रामाणिकपणाचा हे लोक असा गैरवापर करतात. आपण सगळ्यांनी काकांच्या पाठीशी उभं राहू.’

विमलकाकू सोफ्यावर बसून एकेक उत्तर मोठ्याने वाचू लागल्या.

“आसावरी म्हणते, काकांसारखी माणसं आता कुठे राहिलीत. कर्नल अंबरीश म्हणताहेत, वकील मी देतो. आणि हे बघा, धारवाडकर. तुमची ती लुधियानाची गोष्ट लिहिलीय त्यांनी, दाबमापकाची.”

“विमल, पुरे.”

“अहो, चांगलं बोलताहेत लोक—”

“मी गेलो होतो तिथे. गन खराब होती. मला माहीत होतं. ती नोंद मीच केली.”

काकूंनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

“तरीच,” त्या म्हणाल्या. “ती पोर रडत होती आणि तुम्ही चष्मा पुसत होतात.”

“मी सांगणार होतो.”

“कधी?”

काकू उठल्या. जाताना मोबाइल त्यांच्यासमोर ठेवून गेल्या.

पोंक्षे यांनी चार वेळा लिहून खोडलं. पहिल्यांदा त्यात इंद्रजित होता, मंगळवार होता, गुडगाव होतं. एकेक काढत गेल्यावर तीनच वाक्यं उरली. ‘ती नोंद मीच केली. चार्जर नादुरुस्त आहे हे मला माहीत होतं. रागिणी, मी दुपारी तुझ्यासमोर खोटं वागलो.’

संदेशापुढच्या खुणा निळ्या होत गेल्या. सगळ्यांनी वाचलं. थोड्या वेळाने धारवाडकरांनी आपला लुधियानाचा संदेश काढून टाकला.

सोमवारी त्यांनी ऑफिसात जाऊन आपले एकोणीस पॉइंट समोर घेतले आणि जे खरोखर बंद होते, ते बंद दाखवले. मुल्लानपूर धरून सात होते. मग ओळखपत्र टेबलावर ठेवलं. इंद्रजितला राग आला नाही, वाईट वाटलं. “सर जी, एक एग्ज़ाम के लिए इतना? बच्ची अगले साल दे देगी,” तो म्हणाला. पोंक्षे बाहेर पडले. संध्याकाळी त्यांनी ॲप पाहिलं, तर मुल्लानपूर पुन्हा हिरवं होतं. खाली दुसऱ्या कोणाचं तरी नाव होतं.

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून मुल्लानपूरला गेले. रागिणीची गाडी सोडवून नेलेली होती, पण गन तीच होती, वाकलेल्या तोंडाची. पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत हिंदीतून आणि पंजाबीतून लिहून आणलं होतं, ‘गन अटकती है. गाड़ी मत लगाना.’ तो पुठ्ठा त्यांनी तारेने चार्जरला बांधला. तिथून ते थेट रागिणीच्या घरी गेले.

दार स्वानंदीने उघडलं. “मम्मा ऑफिस में हैं, अंकल.”

“मी तुलाच भेटायला आलोय.”

ती दारातच उभी राहिली. आत या, म्हणाली नाही. पोंक्षे यांना वाटेत जुळवलेल्या वाक्यांपैकी आता एकही आठवेना.

“माझी चूक झाली, बाळ,” ते म्हणाले. “चूक म्हणजे... चुकून नाही झाली. मी जाणूनबुजून केलं.”

“आपको पता था? लिखते टाइम पता था कि गन फँसती है?”

“हो. माहीत होतं.”

स्वानंदीने मान हलवली.

“मैंने सोचा मम्मा ने कुछ गलत दबा दिया,” ती म्हणाली. “पूरे रास्ते मैं उन पर चिल्लाती रही. ऑटोवाला भी सुन रहा था.”

हे रागिणीने सांगितलं नव्हतं. पोंक्षे यांनी चौकटीला हात लावला. बाहेर ऊन तापलेलं होतं, चार जिने चढून आल्यामुळे त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

“पानी लेंगे?”

नको म्हणायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ती आत गेलीसुद्धा. ग्लास घेऊन आली तेव्हा त्यांना दिसलं, तिची बोटं पेन्सिलीने काळी झाली होती. काचेवर बाहेरच्या बाजूला त्या बोटांचे चार ठसे उठले होते.

पोंक्षे यांनी ग्लास खालून, तळाशी धरला. उभ्यानेच सगळं पाणी प्यायले आणि ग्लास दोन्ही हातांनी तिला परत दिला.