पाय टेकायचा नाही

कुबडीच्या टोकाचं रबरी बूच एका बाजूनं झिजलेलं — भाड्याची कुबडी, आजवर कुणाकुणाच्या काखेत राहिलेली — आणि ती ते अंगठ्यानं फिरवत खिडकीपाशी उभी होती. कुबड्या इथे तिनंच ठेवल्या होत्या, येता-जाता पायात येऊ नयेत म्हणून... खोटं. पलंगावरून त्याचा हात पोचू नये म्हणून.

"अगं, दे ना ती," नवरा म्हणाला. "का टेकूच सरळ पाय? डॉक्टर काय म्हणाले?"

डॉक्टर तिच्याशीच बोलले होते, हा गुंगीत असताना. घोटा दोन्ही बाजूंनी मोडलाय, हाडं जुळवून पट्टी नि स्क्रू बसवलेत; दीड महिना अजिबात भार द्यायचा नाही, नाहीतर जुळवलेलं सरकेल आणि पाय कायमचा वाकडा होईल. कायमचा — हा शब्द तिनं घरी येईपर्यंत लिमलेटच्या गोळीसारखा जिभेवर घोळवला होता.

कितीतरी वर्षांपूर्वी तिचाही घोटाच होता. जिन्यात पाय चुकला, कट्‌कन आवाज झाला, आणि घोटा टम्म सुजला. हा शाळेत खेळाचा मास्तर, दोन बोटांनी चाचपून म्हणाला, "मुरगळलाय. मोडला असता तर टेकता आला असता का? चल, ऊठ." शेकडो पोरांचे पाय पाहिलेला माणूस, त्याच्यापुढे कोण बोलणार! दंडाला धरून त्यानं तिला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं — एक-दोन, एक-दोन — आणि ती चाललीही, कारण ओरडली असती तर नाटक ठरलं असतं... पुढे केव्हातरी ती एकटीच जाऊन एक्स-रे काढून आली. हाड मोडलंच होतं, नि जमेल तसं, वाकडंच सांधलं होतं. त्याला तिनं सांगितलं नाही. ज्यानं चालवलं त्यानं आपणहून ओळखावं, एवढाच तिचा हट्ट होता.

टेका की, काही होत नाही — एवढंच तर म्हणायचं. दंड मी धरीन. मोजीनही मीच.

कुबडी हातात घेऊन ती पलंगाकडे निघाली.

"तू लंगडतेस गं," तो एकदम म्हणाला. "माझ्यासाठी धावपळ करताना मुरगळला की काय पाय?"

आवाजात खरीखुरी काळजी होती, आणि तीच तिला सोसेना. ती मधेच थांबली.

"डॉक्टर म्हणाले..."

तो शहाण्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. ती सांगेल ते खरं मानणार होता. तिला हसू आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कसलीही घाई नव्हती.