बर्फातला बघण्याचा कार्यक्रम

त्या बुटात आधीच कुणाचा तरी पाय होऊन गेला होता. होऊन गेला म्हणजे काल-परवा नव्हे, आत्ताच. आत हात घातला तर कोमट आणि ओलं. मी बूट बाकावर ठेवला आणि सुजीतला म्हटलं, "मी नाही घालणार हे."

"आई, सगळेच घालतात. ते स्प्रे मारतात आतून."

"स्प्रे मारला म्हणजे दुसऱ्याचा घाम जातो? घे, हुंग."

त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या बाकावर अल ऐनहून आलेली मुलाकडची मंडळी तयार होत होती. मुलाची आई अनुपमाताई तर बूट, जाकीट, टोपी सगळं चढवून जाहिरातीतल्या बाईसारखी उभी होती. सुजीत दात आवळून म्हणाला, "आई, प्लीज. आभासाठी."

आभासाठी मी घातले. पाय आत गेल्यावर जे वाटलं ते लिहीत नाही, वाचणाऱ्याचं जेवण व्हायचं असेल. वर तो भाड्याचा जाडजूड सूट. शंभर माणसांच्या काखा त्यात येऊन गेलेल्या. साडी काढणार नाही म्हटल्यावर सुजीतने ती तशीच त्या विजारीत कोंबायला लावली. साठीला आलेली बाई मी, आरशात पाहिलं तर आठवा महिना लागल्यासारखी दिसत होते.

आभा माझी धाकटी. दुबईत विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात कामाला. त्याच इमारतीत वेदांगचं ऑफिस. दोघांचं वर्षभर चाललेलं, मला शेवटी कळलं. मुलगा चांगला. वडील संजय, अल ऐनला युनिव्हर्सिटीत शिकवतात, आई तिथल्याच शाळेत. मूळचे पुण्याचे. त्यांना आम्हाला बघायचं होतं. मी म्हटलं, घरी बोलवा, पोहे करते, नारळाच्या वड्या करते, मुलीला बघून जाऊ देत. सुजीत म्हणाला, "आई, हे पोहेबिहे आता कोणी करत नाही. बाहेर भेटू. कॅज्युअल."

बाहेर म्हणजे कुठे, तर दुबईच्या त्या मॉलमध्ये. आदल्याच हिवाळ्यात आत बर्फाचा डोंगर उघडला होता. बाहेर मे महिना, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत माणसं पैसे मोजून गारठायला रांगेत उभी. असला अडाणीपणा मी शाळा न शिकताही कधी केला नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. घरी आणलं असतं तर शेजारची अनुपमाताईंच्या तोंडावर म्हणाली असती, "अच्छा, खानावळवाली आंटी की बेटी!"

गाडीत सुजीतने परत बजावलं होतं. "खानावळीचा विषय काढू नको. मी त्यांना सांगितलंय, बाबा शिपयार्डात ऑफिसर होते आणि तू घरीच होतीस."

"घरीच होते की. खानावळ काय रस्त्यावर होती?"

मागून आभा म्हणाली, "आई, एकदा ठरू दे ना. मग वेदांगला मीच सांगेन." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी पुढे बोलले नाही. "बरं," म्हटलं. शब्द दिला.

सुजीतचे बाबा शिपयार्डात फिटर होते. शिडीवरून पडले, पाठ गेली, पगार अर्ध्यावर आला. तेव्हा आम्ही शारजात, रोल्याला, दोन खोल्यांत. मी चुलीपाशी उभी राहिले ती राहिलेच. देवगडचे, कुडाळचे, रत्नागिरीचे पोरगे, कोणी परांचीवर, कोणी रंगकामाला, दोन्ही वेळा माझ्याकडे जेवायचे. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. शुक्रवारी मटण. असं घरात शिजवून विकायला बंदी होती, म्हणून वॉचमन जहूरला ताट आधी जायचं. दोन्ही पोरांच्या शाळा, सुजीतचं इंजिनिअरिंग, सगळं त्या माशांतून निघालं. नवरा गेला तरी मी थांबले नाही. सुजीत मॅनेजर झाला, अल मजाजला खाडीवरच्या टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा म्हणाला, "आई, आता खलास. लिफ्टमध्ये वास जातो." तेव्हा थांबले.

असो. तर तो पाळणा.

बर्फाच्या डोंगरावर माणसं चढवायला लोखंडी तारेवर खुर्च्या टांगल्यात. त्या थांबत नाहीत. आपण उभं राहायचं आणि खुर्चीने मागून येऊन ढोपरात लाथ मारायची. आभा आणि वेदांग पुढच्या खुर्चीत हसत गेले, मध्यावर उतरून कॉफी प्यायला. संजयराव आणि सुजीत खालीच राहिले, त्यांना बोलायचं होतं. मग सुजीत म्हणाला, "आई, तू आणि अनुपमाताई जा ना. बसल्या बसल्या एक चक्कर मारून खाली." मला ढकललंच म्हणा.

खुर्ची येताना तिथल्या कामगाराने दंड धरून बसवलं. बूड टेकलं ते पाण्यात. सूट ओला, आतली साडी ओली, आणि कानाशी आवाज आला, "काकी! तुम्ही हंय?"

टोपी भुवयांपर्यंत, नाक लाल, पण मी ओळखला. सुदेश. देवगडचा. माझ्याकडे वर्षानुवर्षं जेवलेला. तापाने फणफणला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात झोपलेला, मी पेज भरवलेली. सुजीतला गाडी याने शिकवली, त्याच्या कंपनीच्या पिकअपवर, शुक्रवारी, वाळूत.

मी दिलेला शब्द आठवला आणि मान फिरवली. खुर्ची वर उचलली गेली.

"तो मुलगा तुम्हाला काकी म्हणाला?" अनुपमाताईंनी विचारलं.

"कोकणातला असेल. तिकडे सगळ्यांना काकीच म्हणतात."

बोलले आणि तोंड कडू झालं.

पुढ्यात लोखंडी दांडा आला होता. त्यावर कुणीतरी चघळलेलं च्युइंगम चिकटवलं होतं आणि त्याच्या शेजारी कुठल्यातरी पोराचा शेंबूड गोठलेला. मी हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात वर कोणी उतरताना पडलं असावं, खुर्ची हिसका देऊन थांबली आणि झुलायला लागली. अनुपमाताईंनी "आई गं" करून दांडा घट्ट धरला. नेमका त्या च्युइंगमवर. हात हलवला तर तार निघाली. शी!

खाली माणसं मुंग्यांएवढी. माझ्या नाकातून पाणी, पुसायला पदर नाही, तो विजारीत.

भ्यालेली माणसं फार बोलतात. ताई बोलायला लागल्या.

"आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा शारजातच होतो हो, रोल्याला. काय ती बिल्डिंग! खालच्या मजल्यावर कोणी बाई खानावळ चालवायची. सकाळपासून मासळीचा वास, जिन्यात लुंगीवाल्यांची रांग. मी यांना म्हटलं, वाळवंटात राहीन पण इथे नको. मग अल ऐन घेतलं. कशा राहतात हो असल्या बायका? परक्या पुरुषांना घरात घेऊन..."

"भात वाढतात," मी म्हटलं.

"अं?"

"परक्या पुरुषांना घरात घेऊन भात वाढतात, ताई. मी वाढायचे. तुमच्या खालच्या मजल्यावरची ती मी असेन किंवा नसेन, रोल्यात तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ होत्या. पण वास तोच. त्या वासावर माझी आभा शिकली."

खुर्ची झुलत होती. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. मग म्हणाल्या, "पण सुजीत तर म्हणाला..."

"सुजीतला लाज वाटते. मला वाटत नाही. आणि तो खालचा, मला काकी म्हणाला तो, सुदेश. आमच्याकडे जेवून मोठा झालाय. सुजीतला गाडी त्याने शिकवली. मी मघाशी ओळख दाखवली नाही ती पोरांना शब्द दिला होता म्हणून. आता मोडला. आणखी काय विचारायचं ते विचारा, इथून कुठे पळणार नाही मी."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं रागाने. तर त्यांनी तोंडावर हात दाबला आणि गालफडं फुगली. मी डोक्यावरची लोकरीची टोपी ओढून काढली आणि त्यांच्या हनुवटीखाली धरली. सकाळची इडली, सांबार, सगळं आलं. अर्धं टोपीत, थोडं माझ्या मनगटावर, कोमट, उरलेलं खाली पांढऱ्या बर्फावर. खालून घसरत जाणाऱ्या एका गोऱ्याने मान वर करून पाहिलं आणि काहीतरी ओरडला. बरोबर ओरडला.

मी गळ्यातून हात घालून पदराचं टोक उपसून काढलं. "पुसा तोंड."

"सॉरी हो, रंभाताई," म्हणत त्या रडायला लागल्या. तेवढ्यात खुर्ची सुरू झाली, वर गेली, वळली, खाली निघाली. सगळी वाट मी ती भरलेली टोपी मांडीवर धरून बसले होते. वास येत होता, हलता येत नव्हतं. यालाच म्हणे लोक मजा म्हणतात.

खाली सुदेशने खुर्ची थांबवली. आधी त्यांना उतरवलं, मग मला. माझ्या हातातली टोपी त्याने नाक न मुरडता घेतली. सुजीत धावत आला. त्याने सुदेशकडे पाहिलं. नीट पाहिलं. मी आई आहे, मला कळतं त्याने कधी ओळखलं ते. आणि हिंदीत म्हणाला, "भैया, ये जरा जल्दी साफ करवा दो." वर त्याच्या हातात नोट सरकवली.

सुदेशने नोट घेतली. न घेणं जास्त दिसलं असतं. "यस सर," म्हणाला.

अनुपमाताई माझ्या पदराने तोंड पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या.

मी सुदेशला म्हटलं, "जेवलंस काय रे?"

"होय, काकी."

"सुजीत, हा सुदेश."

आणि माझा मुलगा अनुपमाताईंकडे बघून हसला. "आईचं असंच आहे. तिला कोणीही दिसलं की आपल्या गावचाच वाटतो."

मी त्या दिवशी परक्याच्या घामात पाय घातला होता, परक्याची ओकारी हातात धरली होती. पण मला खरी मळमळ झाली ती तेव्हा. सुजीत मला आधार द्यायला आला. मी त्याचा हात घेतला नाही. बाकाला धरून चालले.

आभा आणि वेदांग हसत हसत खाली आले, नाकं लाल, काही माहीत नाही. सगळ्यांनी मिळून गरम चॉकलेट घेतलं. संजयरावांनी "छान झाली भेट" म्हटलं. परत येताना शारजाच्या रस्त्यावर नेहमीसारख्या गाड्या तुंबल्या होत्या आणि आभा मागच्या सीटवर गुणगुणत होती. मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते?

पुढच्या आठवड्यात सकाळी घरचा फोन वाजला. अनुपमाताई.

"रंभाताई, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. खानावळीचं मला काही नाही. उलट मी जे बोलले त्याची मलाच लाज वाटली. पण तुमच्या मुलाने त्या माणसाला..." त्या थांबल्या. "आणि वर हसला हो. ज्याने हाताला धरून शिकवलं त्याला ओळखत नाही म्हणतो, तो उद्या अडीअडचणीला आम्हाला ओळखेल? मी यांना सगळं सांगितलं. हे नको म्हणतात."

"आणि वेदांग?"

"त्याला लागलंय. आभाने वर्षभरात एकदाही सांगितलं नाही म्हणून."

खरं बोलल्या की वासाचंच कारण सभ्य भाषेत सांगितलं, देव जाणे. मी "बरं" म्हटलं. विनवण्या करायची मला सवय नाही. त्या फोनवर एकदा विनवणी जिभेवर आली होती, ती गिळली.

आभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणाल्या?"

मी सगळं सांगितलं. पाळण्यात मी काय बोलले, खाली सुजीत काय बोलला, आता त्या काय म्हणाल्या. एक शब्द मऊ केला नाही. तिने ऐकून घेतलं. "ओके," म्हणाली, इंग्रजीत, जशी ऑफिसात फोनवर म्हणते. आत गेली. तिची दुपारची शिफ्ट होती.

मी बांगड्याचं तिखलं केलं. जेवायला येईल की नाही माहीत नव्हतं. आली. तयार होऊन, ऑफिसच्या कपड्यांत, डोळ्यांना काजळ लावून. बसली, जेवली. काटे एकेक चोखून ताटाच्या कडेला लावले. मी विचारलं, "भात?" तिने मान हलवली, मी वाढला, तोही तिने संपवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

आमच्या घरात पोरांनी जेवून नुसतं उठायचं, ताट मी उचलायचं, ही रीत. आपलं ताट धुवून ठेवायचे ते खानावळीतले, महिन्याचे पैसे देऊन जेवणारे. आभा उठली. तिने ताट उचललं, सिंकपाशी नेलं, बाही वर करून धुतलं आणि ओट्यावर पालथं घातलं.

"येते, आई," म्हणाली.

दार लागलं. ताटाच्या कडेवरून पाणी निथळत होतं. मी फडकं हातात घेतलं होतं, पण पुसलं नाही.